कापसाच्या मुलखात : भाग चौथा

13 ऑक्टोबर 2018, यवतमाळ

नवरात्र. इथला दुर्गोत्सव विदर्भभर नावाजलेला. मध्यरात्र उलटेपर्यंत रोषणाई बघत हिंडलो.

14 ऑक्टोबर, राळेगाव

दिवसभर शिवारात. बोंडं फुटलीत, कापूस लोंबतोय, पण वेचायला बाया नाहीत. ज्या येतात त्या घोळक्यानं, आणि ऊन उतरायच्या आत घरी. दोन वर्षांत या टापूत 13 माणसं गेली. ठपका टी-1 वाघिणीवर. तिला मारण्याच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं गेल्या महिन्यात हस्तक्षेप केला नाही, तेव्हापासून शोध चालू आहे. तोवर रात्रीची जागल बंद. रोही आणि डुकरं पिकात मोकळी.

रात्री स्टँडजवळच्या खानावळीत बसलो. भाकर, पातोडीची भाजी, वर तर्री. शेजारच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस कधीपासून रिकामा कप समोर ठेवून बसलेला. एकाएकी उठून आमच्यापाशी आला.

"भाऊ, गाडी बोराटीकडं जाऊन राह्यली काय?"

शेवटची एसटी चुकली होती. एरवी डोळे मिटून चालत गेला असता.

त्याला जेवायला बसवलं. गायकी होता, गावची गुरं चारणारा. आता गुरं दावणीलाच. त्याच्या सोबतीचा गायकी त्या तेरांपैकी एक. वाघिणीबद्दल विचारलं, तेव्हा वाटलं, चिडेल. त्यानं भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवला आणि तसाच हातात धरून राहिला. तर्री बोटांवरून मनगटाकडं ओघळली.

"तिले दोन पिल्लं हाएत म्हंतेत. थे गेली त पिल्लायनं खाव काय?" मग सावकाश, "अन् आमी बी खाव काय?"

तिला वाचवा म्हणणाऱ्या निवेदनावर माझीही सही आहे. ती मागं घ्यावी असं अजूनही वाटत नाही. पण त्याचा दुसरा प्रश्न त्या कागदावर कुठंच नव्हता.

फाट्यावर उतरताना म्हणाला, "दिवे चालू ठेवजा." चालकानं गाडी वळवून झोत पांदीवर धरला. तो मोठ्यानं खाकरत, काठी आपटत चालला. घरापाशी पोचल्यावर बॅटरी तीनदा लुकलुकली. मग आम्ही निघालो.

3 नोव्हेंबर, नागपूर

काल रात्री बोराटीच्या जंगलात टी-1 मारली गेली. आज वेचणीला बाया गेल्या असतील. तिचे दोन्ही बछडे जंगलातच आहेत, जेमतेम दहा महिन्यांचे.