चिमटा

सायकलचा चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा तो दुपायी दांडा. बारा वर्षांचा असताना, १९६४ साली, साताऱ्यात मी वडिलांच्या रॅले सायकलचे चाक खोलले आणि निम्मे छरे गटारात घालविले. वडील रागावले नाहीत. आठ दिवस पोवई नाक्याचा चढ पायी चढून कचेरीत गेले, एवढेच. माझ्या पाठीवर दोन रट्टे बसते तर मी पान्याला पुन्हा हात लावला असता. तो लावला नाही.

पुढे वडील गेले, मी सांगलीला स्थायिक झालो आणि सायकल माझ्यामागून आली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ती चार दिवस पाण्याखाली होती. ही नदीही महाबळेश्वराहून, साताऱ्याच्या अंगाने येते. माहेरच्या माणसाने घर बुडवावे, तसे झाले.

पाणी ओसरल्यावर हँडल वळेना. मिस्त्री म्हणाला, "काका, भंगारात घाला." पत्नी काही बोलली नाही, पण भंगारवाल्याची हाक आली की खिडकीकडे बघे. शेवटी मी पाना विकत आणला. वय ६७!

पुढचे चाक काढले, ब्रेकच्या सळया सोडविल्या. हँडलच्या मधला बोल्ट पूर्ण काढायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हते. शेजारच्या निवृत्त फिटरने वेळीच ओरडून सांगितले. तो दोनतीन आटे सैल करावयाचा, वर लाकडाचा ठोकळा धरावयाचा आणि हातोडीने एकच ठोका द्यावयाचा. आतली पाचर खाली सुटते आणि हँडल वर येते. माझे ते सहाव्या ठोक्याला आले.

मग वरचा नट. तो दोन दिवस रॉकेलमध्ये भिजविला, तेव्हा कुठे हलला. दुसरा घेऊ म्हणावे तर बाजारातला बसेना. त्या जुन्या रॅलेचे आटे इंचाला २६ आणि इतर सायकलींचे २४, हे फिटरनेच मोजून दाखविले. नॉटिंगहॅमच्या कारखानदाराने गिऱ्हाईक जन्मभर बांधून ठेवण्याची ही युक्ती काढली असावी, असा माझा आपला तर्क!

खाली परात ठेवून वरची वाटी फिरविली. चिमटा घसरला आणि काळा गाळ, गंज नि छरे परातीत पडले. वर २५, खाली २५ असावेत. मी तीनदा मोजले. ४९! त्या वयातही माझे कान गरम झाले.

वास्तविक गंजलेले छरे टाकूनच द्यावयाचे होते. सव्वा सुताचे नवे ५० आणले, वाट्यांत ग्रीस भरून एकेक रोवले. वाटी फार आवळली तर हँडल अडते, सैल ठेवली तर चिमटा खडखडतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहावयाची. माझी अर्धी संध्याकाळ त्यात गेली. दिवे लागले तेव्हा हँडल एका बोटाने वळत होते.

दिवाळीच्या साफसफाईत पत्नीने कपाटाखालून काहीतरी झाडून काढले.

"अहो, हा गंजका मणी कसला? टाकू?"

मी हात पुढे केला.