आधी जाणाऱ्या पेशी

हिंगाचा वास. कंपवातात हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी बऱ्याच जणांची वास घेण्याची शक्ती जाते. फोडणी कळेनाशी झाली म्हणून डॉक्टरकडे कोण जातं?

मग मध्यमेंदूतल्या काळ्या पेशी. मेंदू कापला की त्यांची काळी पट्टी नुसत्या डोळ्यांना दिसते. कंपवाताच्या रुग्णात ती फिकटलेली असते. ट्रेट्याकॉफ यांनी 1919 साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात या पेशींचा आणि आजाराचा संबंध दाखवला. अब्जावधी पेशींच्या मेंदूत या काही लाखच. पण एकेकीचा पसारा केवढा! तंतूच्या फांद्या जोडल्या तर लांबी मीटरांत भरते, जोडण्यांचा अंदाज दहा लाखांपुढे जातो. त्यात बाहेरून संदेश नसतानाही त्या अखंड ठोके देत राहतात. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं, ते उपसायला ऊर्जा लागते आणि ती पुरवता पुरवता पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, झिजतात.

या काळ्या पेशी डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवतात. शेजारच्या पेशीही तेच बनवतात. त्यांच्यापैकी अनेकींजवळ कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन असतं. त्या बऱ्याचशा तगतात. तेव्हा वयावर खापर फोडून भागत नाही. शेजारणीचं वयही तेवढंच.

अल्झायमरमध्ये स्मृतीच्या दारातला, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सचा दुसरा थर आधी जातो. 1996 सालच्या एका अभ्यासात अगदी सौम्य अवस्थेतल्या रुग्णांच्याही या थरातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या आढळल्या. घरचे तेव्हा ‘हल्ली जरा विसरतात’ एवढंच म्हणत असतात.

फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशात आधी जातात त्या फॉन इकोनोमो नावाच्या पेशी. स्मरण बरंचसं शाबूत, पण भीड आणि दुसऱ्याच्या दुःखाची कणव नाहीशी. नातलग याला स्वभाव समजतात आणि भांडतात.

हंटिंग्टनच्या आजाराचं कोडं सगळ्यांत अवघड. जनुक 1993 मध्येच सापडलं. बिघडलेलं प्रथिन शरीरभर बनतं, तरी आधी मरतात त्या मेंदूच्या स्ट्रायटम या भागातल्या ठरावीक पेशी. म्हणजे नुसतं प्रथिन पकडून गुन्हा उलगडत नाही.

एएलएस या आजारात स्नायू हलवणाऱ्या पेशी जातात; पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा एखादीचा तंतू मीटरभर असतो. हात, पाय, गिळणं, श्वास जातात. डोळे फिरवणाऱ्या पेशी मात्र बहुधा अखेरपर्यंत टिकतात, लघवी रोखणाऱ्याही. मेलेल्यांचा पंचनामा पुष्कळ झाला. या टिकलेल्यांची चौकशी मला अधिक मोलाची वाटते.

पुन्हा कंपवाताकडे. खाजकुयली आपल्या सह्याद्रीत उगवते. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं. कंपवाताचं मुख्य औषधही तेच. ते डोपामिनची तूट भरून काढतं. काळ्या पेशींची गळती थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध अजून एकही नाही.