तांब्याच्या तारेचा हट्ट

घरचा फोन इंटरनेटच्या डब्यावर न्यायला माझा विरोध होता आणि तो मी चारचौघांत मिरवायचोही. आमच्या गिरगावच्या चाळीत कुणी "जुना फोन काढून टाकतोय" म्हणालं की मी त्याला हमखास अडवायचो. आता तोच मी शेजाऱ्यांना जोडणी परत करा म्हणून सांगत फिरतो. एवढं घूमजाव केल्यावर कारण द्यायला हवं.

विरोधाला माझ्याकडे भक्कम मुद्दा होता. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्सचेंजमधून येते, ४८ व्होल्टची, आणि तिच्यामागे बॅटऱ्या असतात. घरातले दिवे गेले तरी रिसीव्हर उचलला की टोन ऐकू येतो. डब्याचं तसं नाही. लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोन मुका. म्हातारी माणसं घरात असताना असला फोन कोण ठेवणार?

पण मनातलं कारण वेगळं होतं. आमच्याकडे फोन आला तो वडिलांनी अर्ज भरून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. तोपर्यंत लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर आणि पुढे 'पी.पी.'. कुणाचा फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आई गॅस बारीक करून धावायची. पुढे आमच्या घरी फोन लागला आणि अर्ध्या मजल्याचा पी.पी. नंबर आमचा झाला. पुण्याच्या मामाशी बोलायला रात्रीचे अकरा वाजायची वाट पाहायची, कारण त्यानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. सगळं घर जागं, मामाकडेही सगळे जागे, आणि बोलणं काय, तर "बरे आहात ना? ठेवतो."

१ मार्च २००६ पासून देशभर कुठेही एक रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागलं. त्यानंतर मोबाइल आणखी स्वस्त झाला. तरी वाट पाहून मिळालेली वस्तू अशी सहज परत करायची, हे काही मला पटेना.

मला आधी छेडलं ते न्यू जर्सीच्या पुतण्याने. त्यांच्याकडे व्हॉनेजचा डबा होता. साधा फोन त्या डब्याला जोडायचा, डबा इंटरनेटला. २००९ साली त्या कंपनीने महिना २४.९९ डॉलरमध्ये भारतासह साठहून जास्त देशांत हवं तेवढं बोलायची योजना काढली आणि तिथल्या मराठी घरांतून इकडे तासतासभर गप्पा होऊ लागल्या. तो म्हणाला, "काका, तुम्हीपण घ्या." मी म्हटलं, आमचं गणित निराळं आहे. हे मी आजही म्हणेन. त्याची बचत प्रत्येक मिनिटाच्या पैशांत होती. आपल्याकडे मिनिटांना आता किंमतच उरलेली नाही. आपली बचत असलीच तर ती भाड्यात.

मागच्या दिवाळीत तो आला आणि बिलांची फाइल घेऊन बसला. "काका, इथून केलेले कॉल शून्य. तुम्ही भाडं भरताय कशाचं?" समजा भाडं २५० रुपये धरलं, तर १८ टक्के जीएसटीसकट २९५ होतात आणि वर्षाचे ३,५४०. घरात ब्रॉडबँड आधीच आहे, आणि त्याच्या बहुतेक योजनांत घरचा फोन फुकट मिळतो. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये फायबर आणला तेव्हापासून ही रीतच पडली आहे. राउटरच्या मागे फोनची खोबण असते, जुनं यंत्र तिथे लावायचं. बटणांचं हवं मात्र. चकतीच्या काळ्या फोनची टकटक बहुतेक डब्यांना कळत नाही.

मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. लाइट गेल्यावर काय? तो हसला. "तुमचा फोन कॉर्डलेस आहे, काका. त्याचा बेस भिंतीतल्या प्लगवर चालतो."

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बिघडून मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी घरी काय झालं होतं ते मला तेव्हा आठवलं. तारेतून ४८ व्होल्ट येत असतील, पण आमचा कॉर्डलेस गप्प होता आणि वायरचा जुना फोन माळ्यावर होता. घरच्यांशी मी मोबाइलवरच बोललो होतो. ज्या गुणाचं मी इतकी वर्षं कौतुक केलं, तो माझ्या घरात कधी वापरलाच गेला नव्हता.

मग फोन कायमचा बंदच का करू नये? तेही मला मान्य नाही. आईला मोबाइलची काच जमत नाही. ठणठणीत घंटी, मोठी बटणं आणि कानाला लावायचा जड रिसीव्हर तिला हवा. शिवाय मोबाइल एकेकाचा असतो, घरचा फोन जो जवळ असेल तो उचलतो. हे सगळं डब्यावर तसंच चालतं.

खटकलं ते एकच. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याकडे राहतो, घरच्या फोनचा राहत नाही. २३८ म्हणजे गिरगाव, २४३ म्हणजे दादर, २४७ म्हणजे लालबाग, हे आमच्या पिढीला तोंडपाठ. तो नंबर गेला. त्याची किंमत मी बचतीतून वजा केलेली नाही आणि करताही येणार नाही.

तुम्ही डबा घेणार असाल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात मिळतो. त्याआधी इमारतीत चौकशी करा. केबलवाल्याने जिन्यात स्वतःचा स्विच बसवला असेल आणि तो सोसायटीच्या मीटरवर चालत असेल, तर लाइट गेल्यावर तुमचा यूपीएस कुचकामी. परदेशातून कुणी डबा आणून दिला तर तो लावायची घाई करू नका. इंटरनेटवरून बोलायला भारतात २००२ पासून परवानगी असली, तरी इथल्या साध्या फोनांशी तशी जोडणी देण्याचा हक्क फक्त परवानाधारक कंपन्यांना आहे. महिनाभर दोन्ही फोन चालू ठेवा आणि तेवढ्यात बँक, गॅस, पेन्शन, विमा असा सगळीकडे नवा नंबर कळवा. आणि जुनी जोडणी परत कराल तेव्हा भरलेली अनामत रक्कम लेखी अर्ज करून मागून घ्या.