वाचून दाखविले, बरोबर आहे

वाणगाव, ता. डहाणू

चि. बाळ,

तुझे पत्र पोहोचले. तलासरीच्या कचेरीत रुजू झाल्यापासून तू अपशब्द कटाक्षाने वर्ज्य केलेस, चहाच्या वेळच्या चावट थट्टेतून अंग काढून घेतोस आणि त्यामुळे सोबतचे कारकून तुला ‘पाद्रीबुवा’ म्हणू लागले आहेत, हे वाचून हसूही आले आणि समाधानही वाटले. परंतु जिव्हेवर पहारा ठेवणे म्हणजे एवढेच, असा जो निष्कर्ष तू पत्राच्या शेवटी काढला आहेस तो मला मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहावे म्हणून आज कागद पुढे ओढला आहे.

शिवी वाईट, यात वाद नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने भावाला मूर्ख म्हणणाऱ्यास खुन्याच्या शेजारी उभे केले आहे, आणि ज्या जिभेने देवाची स्तुती करायची तिनेच देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, या विसंगतीवर याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात कोरडे ओढले आहेत. पण शिवीचा एक गुण असा की ती ओळखू येते. ऐकणाराही चमकतो, बोलणाराही कधीतरी शरमतो. खरा प्रश्न सभ्य वाणीचा आहे. उपासना संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर ‘अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा हो’ अशा प्रस्तावनेने त्या घरातील भांडणाचा साद्यंत वृत्तांत सांगितला जातो, तेव्हा त्यात एकही अशुद्ध शब्द नसतो. आपले बोलणे मिठाने रुचकर असावे, असे पौलाने कलस्सैकरांस लिहिले. आपल्या वाणगावच्या वाड्यांतून मुंबईच्या बाजारात जाते ती मिरची त्याने सुचविल्याचे मला कोठे आढळले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. या मुलखात ज्यांच्यामुळे आपल्या घराण्यात शुभवर्तमान आले त्या ब्रदरन मंडळीचे मूळ जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी आहे. तेथे १७०८ मध्ये अलेक्झांडर माक व त्याचे सोबती मिळून आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. पुढे हे लोक अमेरिकेत गेले, तेथून १८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर प्रभृती हिंदुस्थानात येऊन वलसाडास राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूस ठाणे झाले. १९७० साली नागपुरास उत्तर भारत मंडळी स्थापन झाली तीत ही मंडळीही विलीन झाली. तरी तिची एक जुनी शिस्त विसरली जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ती म्हणजे शपथ न घेणे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञा, की स्वर्गाची, पृथ्वीची वा आपल्या मस्तकाचीही शपथ वाहू नये, होकार तो होकार आणि नकार तो नकार असावा, ती या लोकांनी अक्षरशः पाळली. वरवर हा हट्ट वाटतो. परंतु विचार कर: जो मनुष्य शपथेवर खरे बोलतो तो शपथेवाचून काय बोलतो? शपथ घेतल्याबरोबर वाणीचे दोन भाग पडतात, एक ज्यास ईश्वर साक्षी आहे तो आणि दुसरा ज्याकडे ईश्वराचे लक्ष नाही तो. आणि आपल्या धर्माप्रमाणे दुसरा भाग अस्तित्वातच नाही, कारण प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावयाचा आहे. सरकारी कायद्यानेही ही अडचण ओळखली आहे. १८७३ च्या व त्यानंतर १९६९ च्या शपथ कायद्यात शपथेऐवजी दृढकथनाची मुभा ठेवली आहे.

तू म्हणशील, मी कारकून, मला कोण पिंजऱ्यात उभे करतो? बाबा रे, तू रोज उभा आहेस. जबाबाच्या अखेरीस जी ओळ तुझा हात सवयीने लिहून टाकतो, की सदर मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, तिच्याखाली अंगठा वारली आदिवासीचा उठतो, पण वाक्य तुझे असते. तू वाचून दाखविला नसलास तर ते असत्य आहे, मग तुझ्या तोंडून दिवसभर एकही शिवी न निघो.

या दोन तालुक्यांत अशा ओळींनी काय केले आहे हे तुला ठाऊक असावयास हवे. निरक्षर माणसाच्या अंगठ्यावर जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावे चढल्या, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाच्या घरी लग्नगडी म्हणून राबत राहिली. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्या उठावाची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे, ते अवश्य वाच. बाई साम्यवादी, आपण ख्रिस्ती. परंतु दुर्बळाशी कोणत्या शब्दांत बोलले जात होते हे समजून घेण्यास मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा ते पुस्तक अधिक उपयोगी पडले.

आज तुझ्या टेबलावर वनहक्काचे दावे येतात म्हणतोस. २००६ च्या वनहक्क कायद्याचे जे नियम २००८ साली झाले, त्यांतील तेराव्या नियमान्वये दावेदाराव्यतिरिक्त गावातील वयस्क माणसाचे निवेदन लेखी उतरवून घेतल्यास तोही पुरावा होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या शब्दास दप्तरी किंमत नव्हती त्याच्या आठवणीला येथे कागदाची योग्यता आली, आणि ती कागदावर उतरविण्याच्या कामी तू साहाय्य करणार! पाड्यावरील म्हाताऱ्याने ‘आजाच्या वेळेपासून नाचणी पेरत आलो’ म्हटले, आणि तू तुझ्या शुद्ध भाषेत ‘अनेक वर्षांपासून वहिवाट आहे’ असे गोळीबंद लिहिलेस, तर त्यातला आजा गेला, नाचणी गेली, आणि दाव्याचा कणाही गेला.

मात्र या सगळ्यातून वाणी आखडावी असा अर्थ काढू नकोस. आपल्यातली काही माणसे इतकी सावध बोलतात की त्यांच्याशी बोलून काहीच कळत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहा. स्वतःच्या पतीचा लहरीपणा, स्वतःचे सोवळे, धर्मांतरानंतरची ताटातूट, सारे त्यांनी मोकळेपणाने, हसतहसत सांगितले आहे, आणि तरी कोणाची मानहानी करावी हा हेतू त्यात औषधालाही सापडत नाही. पहारा असावा तो असा, की आतल्या माणसाचा श्वास कोंडू नये.

तेव्हा माझी सूचना एवढी. मजकूर वाचून दाखविल्याखेरीज ती ओळ लिहू नको. तुझी मराठी समोरच्यास नीट कळत नसेल तर त्याच्याच पाड्यावरचा एखादा शिकलेला मुलगा शेजारी बसव. वेळ नसेल तर दुसरी तारीख दे, आणि वरिष्ठांनी कारण विचारल्यास हेच कारण सांग. अंगठा देणाऱ्यास ‘ए, इकडे ये’ म्हणून हाक मारण्याची तेथे जी रीत पडली आहे ती तुझ्या टेबलापुरती मोड. शेरा बसेल कदाचित, बसू दे.

तुझी आई बरी आहे. नाताळात येशील तेव्हा त्या नियमांची मराठी प्रत घेऊन ये. निवेदनाचा मसुदा कसा असावा, हे आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
मामा