सूर्यास्ताचा रकाना आणि पृथ्वीचा जमाखर्च



दिवस मावळायच्या आत जेवण उरकण्याची आपल्याला इतकी सवय आहे की स्वयंपाकघरातल्या घड्याळाइतकाच पंचांगातला सूर्यास्ताचा रकाना आपल्या कामाचा असतो. हा रकाना वर्षभर लक्ष देऊन पाहिला तर शाळेतला अर्धा भूगोल त्यात सापडतो. यंदा उकाड्याच्या रात्री आणि घरातल्या वृद्धांचा रात्रीचा पाण्याचा त्याग यावर आम्हा बायकांत बरेच बोलणे झाले, म्हणून हा विषय घेतला.

आमच्या सोमेश्वरनगरला नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आतच सूर्य मावळतो. जुलैच्या सुरुवातीला मात्र सव्वासातपर्यंत उजेड असतो. सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १२ मिनिटांचा, सर्वांत लहान ११ तासांचा. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी ताटे वाढायची म्हटली, तर थंडीत पाचलाच कुकर उतरवावा लागतो. सुनेला नोकरीवरून यायला साडेपाच होतात, तेव्हा ही मिनिटे किती मोलाची ते आपल्यालाच ठाऊक!

दिवस लहानमोठा का होतो? पुष्कळांना वाटते, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. खरे उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ती १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. आपली बाजू सूर्याकडे कलली की ऊन सरळ पडते आणि दिवसही मोठा होतो. तिरपे ऊन तेवढ्याच उष्णतेत जास्त जमीन झाकते, म्हणून कमी तापवते.

आपल्या पूर्वसूरींनी हे सावलीवरून मोजून ठेवले होते. उत्तराध्ययन सूत्रात पोरिसीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या प्रहराची खूण सावलीच्या मापाने दिली आहे: आषाढात दोन पद, पौषात चार, चैत्रात आणि आश्विनात तीन. घड्याळ नसताना साधूंची दिनचर्या याच मापावर चाले.

आपल्याकडे १२ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैअखेर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणातल्या उभ्या काठीची सावली त्या वेळी नाहीशी होते. दोन्ही वेळा सूर्य तोच, ऊन तितकेच सरळ. पण मे महिन्यात पापड तासाभरात खडखडीत वाळतात, आणि जुलैत दुपटेही ओलेच राहते. जुलैत ढग बरेचसे ऊन वरच्या वर परतवतात आणि उरलेली उष्णता ओल्या जमिनीतले पाणी उडवण्यात खर्च होते. म्हणजे सूर्य किती देतो एवढ्यावर भागत नाही. आलेले कुठे जाते हेही पाहावे लागते.

इथे माझे बी.कॉम. कामी येते. सूर्याकडून पृथ्वीला १०० रुपये आले असे समजा. त्यातले साधारण ३० ढग, बर्फ आणि वाळवंटे आल्या पावली परत करतात. उरलेले ७० जमीन, समुद्र आणि हवा शोषून घेतात. ते ७० उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशात गेले, की खाते जुळते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ही जावक थोडी अडवून धरतात, आणि ते आपल्या भल्याचे आहे. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश असते. आज ते १५ अंशांच्या आसपास आहे.

कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापते आणि निवायलाही वेळ लावते, हे युनिस फूट या अमेरिकन बाईने काचेच्या नळ्या आणि थर्मामीटर घेऊन पाहिले. १८५६ च्या सभेत तिचा निबंध वाचला मात्र एका पुरुषाने! पुढे १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी दाखवले की हा वायू उष्णतेचे किरण अडवतो.

कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. जमा तीच, पण जावक अडली, म्हणून शिल्लक वाढत चालली आहे. सूर्य जास्त तापला म्हणावे, तर १९७८ पासून उपग्रह त्याचे तेज मोजत आहेत आणि त्यात तशी वाढ नाही.

आपल्या कारखान्याच्या परिसरात चिमणीचा धूर रोजचाच. उसाची चिपाडे जळतात तेव्हा उसाने वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेलाच कार्बन परत जातो. दगडी कोळसा आणि डिझेल जळते तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरलेला कार्बन बाहेर येतो. पहिला उसना घेऊन फेडलेला, दुसरा जुनी ठेव मोडून उधळलेला.

जावक अडल्याचा परिणाम रात्रीही जाणवतो, कारण दिवसाची उष्णता बाहेर पडते ती रात्री. जमिनीवरच्या नोंदींत दिवसांपेक्षा रात्रीच जास्त वेगाने तापल्या आहेत. रात्रीचा पाण्याचा त्याग थंडीत पावणेचौदा तासांचा असतो, मे महिन्यात बारा तासांच्या आतबाहेर. तरी कठीण जातो तो मे महिन्यातलाच. गेल्या मे महिन्यात आमच्या सासूबाईंना पहाटे उठताना घेरी आली. वय ८६. नियम सोडायचे नाव त्या काढणार नाहीत, आणि मीही तो आग्रह धरत नाही. पण दिवस आपल्या हाती आहे. आता दुपारपासून दर तासाला अर्धा पेला पाणी, संध्याकाळच्या ताटात पापड-लोणचे नाही, पातळ ताक किंवा पेज नक्की. स्लॅबला चुना मारला, म्हणजे ऊन आल्या पावली परत जाते आणि रात्री खोली कमी तापते. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी पाणी किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे, आणि नियम घेतानाच आजारपणाची सूट महाराजांकडून मागून ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

अपरिग्रह म्हणजे गरजेपुरतेच घेणे. कपाटातल्या साड्यांना आपण तो लावतोच. विनाकारण चालू पंख्याला, दिवसभर धगधगणाऱ्या गॅसला आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काढलेल्या गाडीलाही तो लावू या.

जय जिनेंद्र.