बाबांच्या बाजूचा ट्वीटर

जुनी गाडी घेतल्यावर पहिला खर्च कशावर करायचा, यावर आमच्या घरात तीन मतं होती. आईचं मत सीट कव्हर. पुण्याच्या दादाचं मत मोठा अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट. बाबांचं मत, काहीच करू नका, गाडी चालते ना? गाडी २००९ सालची स्विफ्ट, आम्ही तिचे तिसरे मालक. टायर आणि ब्रेक आधी करून घेतले होते. (ते आधीच करावं. गाणं त्याच्या नंतर.) उरलेल्या पैशांतून मी मात्र तिन्ही मतं बाजूला ठेवून गाडीतले स्पीकर बदलायला काढले.

कारण बाबा. आत्या देवासला असते. इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटर, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी आमची चक्कर असतेच. या रस्त्यावर बाबांचं गाणं ठरलेलं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ साली जाईपर्यंत तिथेच राहिले. बाबांनी त्यांना तरुणपणी समोर बसून ऐकलेलं आहे, आणि ती गोष्ट आम्ही भावंडांनी किमान शंभर वेळा. पण गेल्या वर्षभरात गाडीत गाणं लावलं की बाबा खिडकीबाहेर बघत बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." मागून आई काही बोलली तरी तेच. हळूहळू गाडीत ते बोलेनासेच झाले.

कानाची तपासणी झाली. तो आलेख मी नीट वाचायला शिकले, कारण पुढे गाडीत तोच उपयोगी पडला. आडव्या रेघेवर २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत आवाजाची पट्टी असते, डावीकडे खर्जातला, उजवीकडे तीक्ष्ण. बाबांची रेघ २,००० पर्यंत बरी होती, पुढे जिना उतरावा तशी खाली गेलेली. वयाबरोबर बहुतेकांचं असंच होतं. आपल्या भाषेतले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात. त्यांनी आवाज ‘मोठा’ वाटतो. स, श, फ, थ, त ही व्यंजनं वरच्या पट्टीत, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यामुळे. म्हणजे बाबा म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

डॉक्टरांनी मशीन सांगितलं. बाबांनी कागदाची घडी घालून तो कपाटात ठेवला, विम्याच्या पावत्यांखाली.

आता गाडीतली परिस्थिती बघा. धावत्या गाडीत टायरची, इंजिनाची, वाऱ्याची जी घरघर असते ती मुख्यतः खालच्या पट्टीतली. खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. हे चांगल्या कानालाही होतं, थकलेल्या कानाला जास्त. आणि आमच्या आधीच्या मालकाने डिकीत एक भला मोठा सबवूफर बसवला होता! तो सुरू केला की नंबर प्लेट थरथरायची. आवाज वाढवला की बाबांच्या कानावर घरघरीचाच आणखी एक थर चढायचा.

म्हणून मी जे शोधत होते त्याचं वर्णन दुकानात सांगायला गेले की लोक बुचकळ्यात पडत. गाडीच्या सामानाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "बेस कितना चाहिए?" मला बेस कमी हवा होता आणि शब्द हवे होते. एका दुकानात ४०० वॅट छापलेला खोका पुढे आला. आपल्यापैकी जी तरुण मंडळी पहिली गाडी घेणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा: खोक्यावरचा मोठा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. बघायचा तो त्याखाली बारीक अक्षरात छापलेला ‘आरएमएस’ वॅटचा आकडा. त्या ४०० वॅटवाल्याचा तो ५० होता. वर गाडीच्या साध्या स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक स्पीकरला सलग पंधरा-वीस वॅटच्या आसपासच देतो. घाबरायचं कारण नाही, बंद गाडीत तेवढे पुष्कळ होतात. त्यापेक्षा स्पीकरची ‘सेन्सिटिव्हिटी’ विचारावी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला तर तीन डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे वॅट दुप्पट केल्याइतका फायदा, अँप्लिफायर न घेता.

तिसऱ्या दुकानातला फिटर बोलण्यासारखा निघाला. साठीच्या आसपासचा माणूस, कॅसेटच्या जमान्यापासून हेच काम. मी बाबांच्या कानाचं सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, "मॅडम, पैसा दरवाज़े में डालो, स्क्रीन में नहीं." दादाला हे वाक्य फोनवर जसंच्या तसं ऐकवलं.

दरवाजात पैसा म्हणजे काय, ते मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून पाहिलं. दाराचं आतलं आवरण काढलं की मागे पत्रा, आणि त्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढाली भोकं. वर पाणी अडवायचा प्लॅस्टिकचा कागद, आमच्या गाडीत तो अर्धा फाटलेला. स्पीकर जितका आवाज पुढे फेकतो तितकाच मागेही फेकतो, आणि मागचा उलट्या फेऱ्याचा असतो. तो या भोकांतून पुढे आला की पुढच्याला मारतो. माणसाच्या आवाजाचा भरदारपणा तिथेच जातो. मग आपण बेसचं बटण पिळत बसतो आणि पत्रा खडखडायला लागतो. फिटरने बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरासारख्या चिकट, वर अँल्युमिनियमची चकाकी असलेल्या ब्यूटिलच्या पट्ट्या रोलरने दाबून बसवल्या आणि आतल्या पत्र्याची भोकं त्यानेच बंद केली. दाराच्या अगदी तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मात्र बोटाने चाचपून मोकळी ठेवली. ती बुजली तर दोन पावसाळ्यांत दार गंजतं. काच पूर्ण खाली करून स्पीकरचं चुंबक तिला लागत नाही ना, हेही मोजून पाहिलं. दोन दारांना अख्खी दुपार गेली. दार लावल्यावर ‘ठण्ण’ ऐवजी ‘धप्’ आवाज आला, तेव्हा बघायला आलेली आई म्हणाली, "नवी गाडी वाटतेय." सीट कव्हरचा विषय तिथे मिटला.

स्पीकर घेतले ते साडेसहा इंची, ‘कंपोनंट’ प्रकारचे. साध्या ‘कोअँक्सियल’ स्पीकरमध्ये तीक्ष्ण आवाजाचा छोटा ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला असतो, म्हणजे दारात, पोटरीच्या उंचीवर. खालच्या पट्टीतला आवाज सगळीकडे पसरतो, पण वरच्या पट्टीतला टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो पोटरीवर पडून काय उपयोग? कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असतो. तो आरशाच्या आतल्या त्रिकोणी जागेत बसला आणि बाबांच्या बाजूचा त्यांच्या कानाकडे वळवला. मागच्या दारांना हातच लावला नाही. मागचे स्पीकर समोर बसणाऱ्याच्या फारसे कामाचे नाहीत.

वायरिंगबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण जुन्या गाडीत खरा धोका तिथे असतो. स्टिरिओमागे हात घातला तर पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या वायरींचा गुच्छ निघाला. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओंत बहुधा पिवळी वायर बॅटरीची कायमची, लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होणारी आणि काळी अर्थिंगची. आमच्याकडे पिवळी-लाल एकत्र बांधून टाकलेली. म्हणजे गाडी बंद असली तरी स्टिरिओ पूर्ण झोपत नसे. रविवारनंतर सोमवारी सकाळी बॅटरी मलूल का असते, याचं उत्तर मिळालं. सबवूफरच्या अँप्लिफायरला बॅटरीपासून थेट ओढलेली जाड वायर होती आणि तिच्यावर फ्यूजच नव्हता. अशी वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर पेट घेऊ शकते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत असावा लागतो. आम्ही ती वायर, अँप्लिफायर आणि सबवूफर सगळंच काढलं. सबवूफर फिटरनेच जुन्यात घेतला, आणि डिकीत आता आत्याकडच्या आंब्यांच्या पेट्या मावतात. नवी जोडणी गाडीच्या मूळ सॉकेटला बसणारा कपलर आणून केली, एकही वायर न कापता. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने किमान हा गुच्छ एकदा उघडून बघावा, गाणं ऐकत नसलात तरी.

स्टिरिओ साधा घेतला. ब्लूटूथ, यूएसबी, आणि आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय, एवढंच पाहिलं. सगळा खर्च अकरा हजारांच्या आत बसला. त्यातला मोठा भाग स्पीकर आणि दारं.

मग खरी गंमत सुरू झाली. जुन्या लँडलाइन फोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ऐकू येई, तरी मामा बोलतोय की काका हे पहिल्या ‘हॅलो’ला कळायचं आणि सगळा शब्द न शब्द कळायचा. म्हणजे शब्दांचा मुक्काम बराचसा तिथेच. मी बाबांचा आलेख डॅशबोर्डवर ठेवला, १०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी खाली आणली आणि २,००० ते ४,००० ची थोडी थोडी वर नेली. माझ्या कानाला ते जरा टोचत होतं. बाबांना मुद्दाम काही सांगितलं नाही.

तपासायला दोन आवाज निवडले, दोन्ही आपल्या मुलखाचे. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा, कारण त्यांच्या खर्जाला दार कुठे खडखडतं ते लगेच कळतं. आणि कुमारजींचं निर्गुणी भजन, कारण तिथे शब्द फेकण्यावर सगळं असतं. खाँसाहेब लावले तेव्हा उजव्या दारातली एक क्लिप बोलली, तिच्याखाली स्पंज घातला. दुसऱ्या रविवारी देवासच्या रस्त्याला लागल्यावर कुमारजी लावले. आवाज नेहमीपेक्षा कमीच ठेवला होता. बाबा थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग एकदम मागे वळून आईला म्हणाले, "हा शब्द ऐकलास का? असा तोडलाय बघ." आणि मांडीवर ठेका सुरू. क्षिप्रा ओलांडेपर्यंत बोलत होते.

परतताना एक गोष्ट लक्षात आली, जी मी अगोदर हिशेबात धरलेली नव्हती. आधी बाबांसाठी आवाज इतका वाढवावा लागे की गाडीत दुसऱ्या कुणाला बोलताच येत नसे. आता गाणं कमी आवाजात चालू असतं, त्यामुळे आईही मधूनमधून बोलते. मात्र आईचं बोलणं बाबांना अजूनही अर्धंच कळतं. चौथ्या-पाचव्या फेरीला ते मला म्हणाले, "कुमारजी कळतात आणि तुझी आई कळत नाही. तिलाही एक ट्वीटर बसव की!"

मी म्हटलं, "बाबा, तो आईला नाही, तुम्हाला बसवायचा असतो. विम्याच्या पावत्यांखाली कागद आहे त्याचा."

ते काही बोलले नाहीत. आई मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होती. पुढच्या महिन्यात ते स्वतःच्या पायांनी तपासणीला गेले आणि पंधरा दिवसांसाठी मशीन लावून बघायला तयार झाले. यंत्र त्यांच्या आलेखाप्रमाणेच लावून देतात, वरची पट्टी वर आणि खालची तशीच. बाबांनी तिथल्या मुलीला विचारलं म्हणे, "यात आरएमएस किती?" सध्या ते सकाळी चार तास लावतात आणि कुकरच्या शिट्टीला वैतागून काढतात. जेवताना लावत नाहीत, पापडाचा आवाज डोक्यात जातो म्हणतात. घाई कुणी करत नाही.

आता कॅसेटींचं काम चालू आहे. कपाटात बाबांच्या एकसष्ट कॅसेटी निघाल्या, त्यांतल्या तेवीस मी लॅपटॉपवर उतरवल्या. काम सोपं आहे पण वेळखाऊ. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर, ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि टेपचं हेड दर दोन-तीन कॅसेटींनंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं. ६० च्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास, ९० च्याची पाऊण तास, आणि उतरवायलाही तेवढाच वेळ लागतो. बुरशी आलेल्या सहा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या टेपमध्ये घातल्या तर हेडही खराब व्हायचं. एका कॅसेटवर आजीचं पहाटेचं जात्यावरचं गाणं आहे, मागे कोंबडा आणि कुणाचा तरी खोकला. ती बाबांनी पेनड्राइव्हवर पहिली घ्यायला लावली.

६० ची बाजू देवास यायच्या आधीच संपते. ९० ची असली तर बहुतेक वेळा आत्याच्या दारात गाडी उभी राहते तेव्हा चार-पाच मिनिटं शिल्लक असतात. मग मी इंजिन बंद करते, किल्ली एक खाच मागे ठेवते, आणि आत्या ओट्यावरून विचारत राहते की ही मंडळी उतरत का नाहीत.