अजून तीन वर्षं

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी एकच विषय चघळला जात होता: मी नोकरी सोडायची की नाही? नोकरी माझी, पण मतं मात्र इतरांचीच तयार!

मी नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. वय ५५, सेवा २९ वर्षांची. राज्याच्या नोकरीत माझ्या वर्गाला ५८ ला निवृत्ती. (केंद्रानं १९९८ मध्येच ६० केली, आम्ही आपले ५८ वरच!) मुलगा-सून लातूरला. सून बँकेत. नातू वर्षाचा झाला आणि त्याला सांभाळणारी बाई काम सोडून गेली. लगेच मुलाचा फोन, "आई, वीस वर्षं झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुझी तर कधीच झालीत." आता बघा, मी आस्थापनेच्या टेबलावर बसते, रोज दुसऱ्यांच्या पेन्शनचे कागद तयार करते, आणि नियम हा मला सांगतोय! नणंदबाईंनीही भर घातली, "वहिनी, नातवाचं सुख नशिबानं मिळतं. फायली काय, कुणीबी लावील."

खरं सांगते, मोह मलाही झाला. दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून पावणेदहाला टेबलावर हजर व्हायचं म्हणजे गुडघे कुरकुरतातच. शिवाय नातू नुकता पाऊल टाकायला लागलेला.

तरी एका रविवारी वही घेऊन बसले. मैत्रिणींनो, आपण किराण्याचा हिशेब पै न् पै मांडतो, मग हा का मांडू नये? पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. दर जुलैला मिळणारी तीन टक्क्यांची वेतनवाढ तीनदा सोडली की पेन्शन तेवढी कमी, आणि ती जन्मभर. उपदान दर सहा महिन्यांच्या सेवेला पाव पगार, म्हणजे तीन वर्षांचा दीड पगार गेला. तीन वर्षांचा पगार गेला तो वेगळाच. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. एसटीत राज्य सरकारसारखी पेन्शन नसते, भविष्य निधीच्या योजनेतून महिन्याला थोडी रक्कम येते. तेव्हा म्हातारपणी आम्हा दोघांची भाकरी माझ्याच पेन्शनवर. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले म्हणून ती आहे तरी. शेजारच्या टेबलावरची पोरगी नंतर लागली. मार्च २०२३ च्या संपात ती जुन्या पेन्शनसाठी उन्हात बसली होती.

आणखी एक, वहीत न मांडता येणारं. नवरा गेलेल्या बायका कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. कोणता दाखला कुठून आणायचा ते त्यांना नीट समजावून सांगणारं कुणीतरी तिथं लागतं. मला ते काम आवडतं, एवढंच.

पण नातवाचं काय? हे रोज सकाळी गोदावरीच्या घाटावर फिरून येतात, पेपर वाचतात, दुपारी झोपतात. मी विचारलं, "तुम्हीच का जात नाही लातूरला?" पेपर खाली आला. "मी? मला जमतंय व्हय!"

"तीस वर्षं गाडीभर प्रवासी सांभाळले, एक नातू जड जाईल?"

मुलाला पटायला दोन दिवस लागले. सून तर संकोचानं म्हणाली, "आई, मामांना लंगोट बदलायला कसं सांगायचं?" म्हटलं, तू नको सांगूस, मी सांगते. आठवडाभर शेजारणीच्या नातवावर सराव करून घेतला. मुगाची खिचडी किती पातळ, ताप मोजायचा कसा, सगळं कागदावर लिहून दिलं.

आता चार महिने झाले. हे लातूरलाच असतात. कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट, ते बरं पडतं. पिशवीत धपाटे असतात. पहिल्या महिन्यात खिचडी दोनदा करपली, पण नातू आता यांच्याशिवाय झोपत नाही. माझ्याकडं यायला मात्र शनिवारी दुपारपर्यंत लाजतो, हे थोडं लागतं मनाला.

लातूरच्या गल्लीतल्या बायकांनी यांना सुरुवातीला विचारलं म्हणे, "काका, काकू आजारी हायत का?"